सहा लेख चाळीस ठिकाणी टाकले, आता शोधात माझीच साइट सापडत नाही

सुईदोरा

नमस्कार मंडळी,

मी शिलाई मशीन दुरुस्त करते, अकरा वर्षं हेच काम. लोक फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून गेल्या वर्षी एक साइट काढली आणि उत्तरं लिहून ठेवायला लागले. आजवर सव्वीस लेख झालेत. घरच्या घरी मशीन कशी नीट करायची याचा मी व्हिडिओ कॉलवर वर्ग घेते. वर्ग भरावा म्हणून साइट आणि साइटवर माणसं यावीत म्हणून लेख, असं साधं गणित होतं.

माणसं येईनात. मग साइटची प्रसिद्धी करून देणाऱ्या एकांना काम दिलं. ते म्हणाले, सहा लेख द्या, आम्ही ते चाळीस ठिकाणी टाकू, प्रत्येकाच्या खाली तुमच्या साइटचा दुवा, बॅकलिंक वाढल्या की तुम्ही आपोआप वर. मला पटलं. चार महिन्यांनी चाळीस ओळींची एक्सेल फाइल आली. त्यातले एकतीस दुवे उघडतात, बाकीचे मेलेले.

सहापैकी दोन लेख जसेच्या तसे टाकलेत. उरलेले चार "वेगळे करून", म्हणजे कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून शब्द बदलून. मी लिहिलं होतं, "मशीनला दोन थेंब तेल द्या." तिथे छापलंय, "यंत्राला दोन बिंदू स्नेह द्या." "पातळ कापडाला लहान टाका" याचं झालंय "पातळ कापडाला लहान फेका". आणि खाली माझं नाव!

हे एक वेळ हसण्यावारी नेलं असतं. पण माझा सगळ्यात जीव लावून लिहिलेला लेख म्हणजे धागा खाली का गुंततो. त्यावर दोन संध्याकाळी घातल्या होत्या, नऊ फोटो आहेत. त्यातलं एक वाक्य अवतरण चिन्हांत घालून गूगलवर शोधलं, तर दोन परक्या साइट वर. माझी कुठेच नाही. अगदी खाली "असेच आणखी निकाल दाखवा" म्हणतं, त्यावर बोट ठेवलं तेव्हा मी दिसले. लेख माझ्या साइटवर ज्या दिवशी चढवला त्याच दिवशी त्यांनाही पाठवला होता, एवढं आठवतंय.

त्या चाळीस पानांवरून चार महिन्यांत माझ्याकडे आले किती, तर नऊ जण. त्यातली दोनदा मीच असणार, दुवा चालतो का बघायला.

आता विचारायचं असं, की ते सगळं काढून टाकायला लावू का? माझ्या साइटला काही शिक्षा बसली असेल का? आणि दुसरीकडे लेख लिहिणं हा प्रकारच फोल आहे का? असेल तसं सांगा, गोड बोलू नका.

---

फटकळ

लेखबिख सोडा. जाहिरात करा, वर्ग भरेल. वाचायला वेळ आहे कुणाला?

---

पानगळ

फटकळराव, जाहिरात थांबली की माणसंही थांबतात. धागा गुंतलेली बाई रात्री अकरा वाजता शोधते ती जाहिरात नव्हे, उत्तर शोधते. असो.

सुईदोराताई, "दोन बिंदू स्नेह" वाचून खुर्चीतून पडायचा राहिलो. पण हसायचा हक्क मला नाही. हेच पाप मी स्वतःच्या हातानं केलंय, तुम्ही निदान दुसऱ्याकडून करून घेतलंत.

माझी जलरंग शिकवणारी साइट आहे, २००९ पासून. त्या काळी लेखांच्या डिरेक्टऱ्या असायच्या. कुणीही लेख पाठवावा, चारशे शब्द भरले की झालं, शेवटी लेखकाच्या परिचयाची चौकट आणि चौकटीत आपल्या साइटचे दोन दुवे. चौकट तशीच ठेवली तर तो लेख कुणीही उचलून आपल्या साइटवर लावावा, अशी मुभाच असायची. एका लेखाचे शंभर व्हायचे आणि आम्ही खूश.

यामागे कारण होतं. गूगलच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली पानांचा क्रम लावायला जो पेजरँक मांडला, त्याच्या मुळाशी कल्पना अशी की एका पानानं दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे मत, आणि ज्याला स्वतःला जास्त मतं त्याच्या मताला वजन जास्त. कल्पना सुरेख. पण मतांना किंमत आहे हे कळल्यावर लोक काय करणार? बोगस मतदान. आम्ही पेट्याच्या पेट्या भरल्या. "जलरंगासाठी कागद कसा निवडावा" हा लेख मी चौदा वेळा लिहिलाय. चौदाव्या वेळी मला स्वतःलाच कळत नव्हतं की मी कागदाबद्दल लिहितोय की "जलरंग कागद" हे दोन शब्द किती वेळा बसतात ते मोजतोय.

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलनं पांडा नावाचा बदल आणला. उथळ, एकमेकांवरून उतरवलेली पानं खाली ढकलायची, हे त्याचं काम. लेखांच्या डिरेक्टऱ्या एका फटक्यात आपटल्या. पुढे एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन आला, तो थेट बनावट दुव्यांच्या मागे लागला. माझ्या साइटवर रोज येणाऱ्यांचा आकडा तीन अंकांवरून दोन अंकांवर आला. दोष कुणाचाच नाही, माझाच. मग दोन महिने रोज संध्याकाळी बसून जुने लेख काढत होतो. निम्म्या ठिकाणचे पासवर्ड विसरलेलो. एक लेख अजून कुठेतरी जिवंत आहे, माझ्या मिशांच्या फोटोसकट.

म्हणजे तुम्हाला त्या मंडळींनी जे विकलं ते २०११ च्या आधीचं औषध. मुदत संपून जमाना झाला.

आता तुमच्या प्रश्नांकडे येतो.

शिक्षा बसली का? अंदाज नको, बघा. सर्च कन्सोल, म्हणजे साइटवाल्यांसाठी गूगलचं साधन, त्यात साइट जोडली आहे ना? तिथे मॅन्युअल कारवाईचं पान असतं. त्यावर काही नोंद नसेल तर कुणी माणसानं तपासून तुम्हाला दंड केलेला नाही. माझ्या मते तिथे काही सापडणार नाही. तुमचं दुखणं वेगळं आहे. एकच मजकूर तीन ठिकाणी दिसला की गूगल त्यातलं एक पान मूळ मानतं आणि तेच दाखवतं, बाकीची मागे ठेवतं. याला लोक "डुप्लिकेटचा दंड" म्हणतात, पण तो दंड नव्हे, निवड आहे. तुमच्या बाबतीत निवड चुकली. साइट नवी, तिच्याकडे गूगलचा फेरा उशिरा होणार. लेख मात्र त्याच दिवशी दुसऱ्याच्या जुन्या, रोज फेरा होणाऱ्या साइटवर गेला. आधी त्यांचा दिसला असणार. तुमची सगळी चूक त्या "त्याच दिवशी"मध्ये आहे.

हेही ताडून बघता येतं. सर्च कन्सोलमध्ये वर पट्टी आहे, तिथे तुमच्या लेखाचा पत्ता घाला. तपासणीत दोन ओळी येतील, तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल आणि गूगलनं निवडलेला कॅनॉनिकल. दुसऱ्या ओळीत परक्या साइटचा पत्ता असेल तर माझं म्हणणं बरोबर.

काढायला लावू का? जसेच्या तसे दोन आहेत ते काढायला लावा, त्यांचाच उपद्रव आहे. साधी दोन ओळींची मेल करा, मूळ लेखाचा दुवा द्या आणि पान काढा किंवा नोइंडेक्स करा म्हणून सांगा. नोइंडेक्स म्हणजे पान राहतं, वाचता येतं, फक्त शोधात येत नाही. समोरच्याला ते सोपं वाटतं, म्हणून ऐकतात. दुवे नाकारण्याचं डिसअव्हाउ नावाचं साधन २०१२ पासून आहे, कुणीतरी सुचवेलच. मॅन्युअल कारवाईची नोंद नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. बऱ्या असलेल्या दाताला पक्कड लावायची नसते.

दुसरीकडे लिहिणं फोल आहे का? अजिबात नाही. दुव्यासाठी लिहिणं फोल आहे. तेव्हा गूगलमध्ये वेबस्पॅमचं, म्हणजे शोधातली फसवेगिरी रोखायचं काम पाहणाऱ्या मॅट कट्सनं जानेवारी २०१४ मध्येच लिहिलं होतं की दुवे मिळवायला पाहुणे लेख लिहायचा धंदा आता संपला. नंतर त्यानं त्यातच भर घातली, की आपली ओळख व्हावी, नवे वाचक भेटावेत म्हणून लिहायला कुणाची ना नाही. लोक पहिला भागच सांगतात.

माझंच सांगतो. डिरेक्टऱ्यांत ढीगभर लेख टाकून जे मिळालं नाही ते एका लेखानं दिलं. हातानं वह्या बांधणाऱ्यांची एक साइट होती. त्यांच्या वाचकांना जलरंग नको होते, पण वही रंगवली की कागद फुगून लाटा येतात हे त्यांचं रोजचं रडगाणं होतं. मी त्यावर लिहिलं: कागद भिजला की तंतू फुगतात, ओला भाग पसरतो, भोवतीचा कोरडा भाग पसरत नाही, म्हणून मध्ये डोंगर उभा राहतो. तीनशे ग्रॅमचा कागद घेतला तर लाटा कमी, पातळ असेल तर आधी ताणून चिकटवून घ्या. चार फोटो. शेवटी एक ओळ, की कागद ताणायची कृती सविस्तर माझ्या साइटवर आहे. ती कृती त्या वाचकाला त्याच क्षणी हवी होती म्हणून तो आला. "अधिक माहितीसाठी भेट द्या" लिहिलं असतं तर आला नसता.

तुमच्यासाठी अशी गावं किती आहेत बघा. नाटकांचे कपडे शिवणारे, बाहुल्या करणारे, जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवणारे. पिशव्यावाल्यांच्या सुया मोडतात, कारण ते साध्या कापडाची सुई लावून चार पदर ओढतात. "शंभर नंबरची सुई लावा आणि कापड मागून ओढू नका, ते मशीनला नेऊ द्या" एवढ्यावर तुम्ही सहाशे शब्द सहज लिहाल. पण ते नवे लिहा, त्यांच्यासाठी. साइटवरचे उचलून देऊ नका.

---

सुईदोरा

पानगळ, दंडवत! तपासणी केली. दुसऱ्या ओळीत खरोखरच परक्याचा पत्ता आहे. रागही आला आणि कारण कळलं म्हणून हायसंही वाटलं. मॅन्युअल कारवाईत काही नाही.

पण हे कॅनॉनिकल म्हणजे नक्की काय आणि ते असतं कुठे? मला सुईचा नंबर कळतो, हे नाही.

आणखी एक. मेसेजिंगच्या गटांत मी लेखाचा दुवा टाकते तेव्हा तो हा एवढा लांब, टक्क्याच्या खुणांनी भरलेला येतो. एका काकूंनी विचारलं, व्हायरस आहे का गं हा?

---

पानगळ

पानाच्या वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागात एक ओळ असते, "या मजकुराचा मूळ पत्ता हा". तोच कॅनॉनिकल. २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून तो आणला. कंप्युटरवर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा, कोड दिसेल, त्यात कॅनॉनिकल हा शब्द शोधा. तुमच्या पानावर तुमचाच पत्ता असायला हवा. साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर असेल तर तो आपोआप येतो.

मीडियम या लेखांच्या साइटवर लेख न्यायचा असेल तर तिथलं आयात करायचं साधन वापरा, ते कॅनॉनिकलमध्ये तुमच्या साइटचा पत्ता घालतं. हातानं चिकटवलात तर घालत नाही. लिंक्डइनवर ही सोयच नाही, तिथे लेख वेगळा लिहिलेला बरा. आणि कॅनॉनिकल ही विनंती आहे, हुकूम नव्हे. दुसऱ्या साइटवर पानाचा बाकी सांगाडा वेगळा असतो, त्यामुळे गूगल ती विनंती मानेलच असं नाही. म्हणून लेख जसाच्या तसा दुसऱ्याला द्यायचा तर त्यानं नोइंडेक्स लावावं, असा सल्ला आता गूगलच देतं.

लांबलचक दुव्याचं अर्धविराम सांगतील, त्यांचा प्रांत.

---

अर्धविराम

हाक आली म्हणून आलो.

व्हायरस नाही, देवनागरी आहे. वेबपत्त्यात देवनागरी थेट प्रवास करत नाही, तिचं रूपांतर होतं. आपल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहितात, टक्क्याची खूण आणि पुढे दोन. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. काना, मात्रा, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. "लेख" या इवल्या शब्दात ल, मात्रा आणि ख, म्हणजे सत्तावीस अक्षरं.

आता मजा बघा. वर्डप्रेस पत्त्याचा हा शेवटचा तुकडा दोनशे अक्षरांत बसवतं आणि पुढचं कापतं. दोनशे भागिले नऊ, जेमतेम बावीस चिन्हं. ताई, तुमच्या लेखाचं शीर्षक "शिलाई मशीनचा धागा खाली का गुंततो" असेल तर पत्ता "का"वर संपत असणार. मधल्या आडव्या रेघा धरून "का"पर्यंत एकशे त्र्याण्णव अक्षरं होतात, पुढच्या "गुंततो"ला जागाच उरत नाही.

गूगलला देवनागरी पत्त्याचं वावडं नाही, शोधातल्या क्रमासाठी हे बदलायची गरज नाही. पण माणसाला तो दुवा परका वाटतो, आणि माणूसच तो पुढे पाठवणार असतो. म्हणून पत्ता रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा ठेवा. आधीचे बदललेत तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ वळण, म्हणजे कायमचं आपोआप नेणारं, लागलंय याची खात्री करा, नाहीतर आधी वाटलेले दुवे मरतील.

दुव्याबरोबर जे चित्र आणि शीर्षक दिसतं ते ओपन ग्राफच्या खुणांमधून येतं. फेसबुकनं २०१० मध्ये आणलेली पद्धत, आता सगळे वाचतात. चित्र १२०० बाय ६३० चं ठेवा. तुमचा गुंतलेल्या धाग्याचा फोटो तिथे असू दे, साइटचा लोगो नको. लोगो बघून कुणाचं बोट थांबत नाही.

अवांतर: गटांतून आलेली माणसं आकडेवारीत बहुतेक "डायरेक्ट" म्हणून दिसतात, कारण ती कुठून आली हे ॲप सांगत नाही. दुव्याच्या शेवटी यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी शेपटी, जोडलीत तर कळेल. यू म्हणजे अर्चिन (Urchin), गूगलनं २००५ मध्ये विकत घेतलेली आकडेवारीची कंपनी, तिचं नाव अजून त्या शेपटीत चिकटून आहे. फक्त स्वतःच्या साइटच्या आतल्या दुव्यांना ही शेपटी लावू नका, माणूस मुळात कुठून आला तेच पुसलं जातं.

---

सुईदोरा

अर्धविराम, तुम्ही माझी साइट बघितलीत का? पत्ता खरंच "का"वर संपतो! मी समजत होते माझ्याच हातून काहीतरी खोडलं गेलं.

---

अर्धविराम

नाही बघितली. बोटांवर मोजलं. :)

---

खिडकीतली

मी दुसऱ्या बाजूची. छंदांवरची एक साइट सांभाळते, बाहेरून आलेले लेख मी वाचते. वाचते म्हणजे उघडते आणि पुसते.

"आपल्या सुप्रसिद्ध साइटसाठी दर्जेदार व मौलिक लेख विनामूल्य देऊ इच्छितो, फक्त एक दुवा हवा." रोज येतात. विषय कोणताही चालेल म्हणतात, तिथेच मला कळतं. विषय कोणताही चालणाऱ्याला लिहायचं नसतं, चिकटवायचं असतं. काही जण पैसे देतो म्हणतात. पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला स्पॉन्सर्ड अशी खूण लावावी लागते, ती २०१९ पासून आहे, नाहीतर नोफॉलो चालतं, दोन्हींचा अर्थ हा दुवा मत म्हणून धरू नका. ही खूण लावेन म्हटलं की पुढे उत्तर येत नाही.

घेतलेली एक मेल मात्र पाठ आहे. जुन्या पायमशीनवर आमचा एक लेख होता. मेल अशी: "तुमच्या लेखातला तिसरा फोटो बघा. पट्टा चाकाच्या खोबणीत नाही, बाजूच्या कडेवर चढलाय. असा ठेवला तर तो आठवड्यात तुटेल. पट्टा किती ताणायचा, कुठे कापायचा यावर मी लिहून देऊ का?" दुव्याचा शब्द नाही, स्वतःची ओळखही शेवटच्या ओळीत. मी पळत जाऊन फोटो बघितला. बरोबर होतं. त्यांचा लेख आम्ही छापला आणि दुवा मीच मागून घेतला.

सुईदोरा, तुम्हाला अशा चुका नजरेनं दिसत असणार. हीच तुमची ओळख.

---

तळटीप

पानगळ म्हणतात त्याला माझा अर्धा विरोध. मी साइटवरचा लेख जसाच्या तसा लिंक्डइनवर टाकतो आणि मला कामं तिथूनच मिळतात. शोधात माझी साइट वर आली काय, लिंक्डइनचं पान वर आलं काय, फोन मलाच येतो. तिथे माझं नाव आणि फोटो आहे, चोरी नाही. साइट वर आलीच पाहिजे हा हट्ट कशाला?

---

पानगळ

तळटीप, हा मुद्दा खरा आहे. तुम्ही स्वतःची सेवा विकता, माणूस तुम्हाला विचारतो, पान कुठलंही असो. ताईंचं तसं नाही. त्यांच्या लेखाखाली वर्गाची नोंदणी आहे, पुढचे पंचवीस लेख आहेत. वाचक दुसरीकडेच वाचून तृप्त झाला तर तो वर्ग बघणारच नाही. तरी तुमच्यासारखं करायचं असेल तर एवढं पाळावं: आधी स्वतःच्या साइटवर, सर्च कन्सोलमध्ये पान नोंदलं गेलेलं दिसू द्या, मग दुसरीकडे. ताईंना हा धीर कुणी सांगितलाच नव्हता.

गटांत टाकताना मी अलीकडे एक करतो, दुवा आधी देत नाही. कुणी विचारलं की उत्तर तिथेच पुरतं लिहितो. फोटो लागणारच असतील तरच म्हणतो, फोटो इथे आहेत. नुसता दुवा टाकून पळणारा माणूस गटात कसा दिसतो माहीत आहे ना? लग्नात येऊन फक्त आपली कार्डं वाटणारा.

---

फटकळ

शंका: उत्तर तिथेच पुरतं दिलं तर साइटवर येतो कोण?

---

सुईदोरा

फटकळ, याचं उत्तर माझ्याकडे आहे. गेल्या तीन आठवड्यांचा हिशेब द्यायला आलेच होते.

एका शिवणकामाच्या गटात कुणीतरी फोटो टाकला, कापडाखाली धाग्याचं घरटं. खाली अठरा जणांचे सल्ले, सगळे बॉबिनवर, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळावर. बॉबिन बदला, बॉबिन केस घट्ट करा, शटल साफ करा. घरटं खाली दिसतं म्हणून सगळे खाली शोधतात. पण दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असतो. मी लिहिलं, "प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, वर उचला आणि मग वरचा धागा पहिल्यापासून ओवा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा आत बसत नाही, वर नुसता पडून राहतो. मग शिवताना त्याला कुणी धरतच नाही आणि सगळा खाली जातो." बस, एवढंच. दुवा दिला नाही.

अर्ध्या तासात तिचं उत्तर, "झालं!!!" आणि मग इतर विचारायला लागले, ताई तुमचं कुठे काही लिहिलेलं आहे का. तेव्हा दिला, रोमन पत्त्याचा, शेपटी लावून. त्या एका शेपटीवरून चौसष्ट जण आले. चाळीस पानांवरून चार महिन्यांत नऊ आले होते. पाच जणींनी वर्गाला नाव दिलं. साइटवर कोण येतो, तर ज्याचं एक काम झालंय तो दुसरं घेऊन येतो.

लेख जसेच्या तसे टाकणाऱ्या सगळ्यांना मेल केल्या. अकरांनी पान काढलं, दोघांनी नोइंडेक्स लावलं, बाकी गप्प. गुंत्याच्या लेखावर अजून गूगल दुसऱ्याचाच पत्ता निवडतंय, मी दर सोमवारी बघते. दुसरा जो जसाच्या तसा होता, सुई मोडण्यावरचा, तो मात्र परवा माझ्या नावावर आला.

खिडकीतली, पिशव्यांच्या एका साइटला मेल केली आहे. त्यांच्या फोटोत सुई उलटी बसवलेली होती. उत्तराची वाट बघते.

आणि एक राहिलंच. ते "यंत्राला दोन बिंदू स्नेह" असलेलं पान काढायला लावणार होते. त्याआधीच मेल आली, एका आजोबांची असावी. "आपला लेख वाचला. यंत्रास स्नेह द्यावा म्हणता, तो कोणता वापरावा? घरातलं खायचं तेल चालेल काय?" नाही हो चालत, ते आत घट्ट होऊन बसतं आणि मशीन जड होते, शिलाई मशीनचंच पातळ तेल लागतं. त्यांना सविस्तर कळवलं, आणि मग लक्षात आलं की सव्वीस लेखांत तेल किती द्या ते आहे, कोणतं द्या ते कुठेच नाही. सत्ताविसावा लेख त्यावर लिहिला, काल साइटवर चढवला. अजून कुणालाही पाठवलेला नाही.

ते पान राहू दिलंय.